बोक्याचा हत्ती परत पाठव

२७ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुला आशीर्वाद, पोरांना पापे, मेहुण्यांना नमस्कार. पोटातल्याला सांग, मावशीनं यंदा त्याच्यासाठी काही केलेलं नाही, पण रुसू नकोस, आधी बाहेर तर ये.

पार्सल आज सकाळी पोस्टात टाकलं. कपाळाला आठ्या घालायच्या आधीच सांगते, दुकानाची पायरीसुद्धा चढलेले नाही. गेल्या नाताळात ती तीनचाकी सायकल घेतली आणि उन्हाळ्यापर्यंत कोरा चहा प्यायले, त्यावरून तू मला जे झापलंस ते विसरलेले नाही. म्हणालीस, "ताई, पोरांना वस्तू नको असते गं, आपल्याकडे कुणीतरी नीट बघितलंय एवढं हवं असतं." मोठ्या बहिणीला असं बोलतात का? पण बोललीस ते खरं होतं, म्हणून गप्प बसले. उन्हाळ्यात तिघं माझ्याकडे होती तेव्हा मी नीट बघून ठेवलं.

थोरलीनं माझा रेडिओ उघडला होता. बंद करताना दोन स्क्रू उरले, तरी रेडिओ आधीपेक्षा बरा वाजतो. तिला माझं बंद पडलेलं गजराचं घड्याळ आणि आमच्या मेकॅनिककडून मागून घेतलेले दोन लहान स्क्रू ड्रायव्हर. मधलीला बटणं. वीस वर्षं शिवण करून जमलेली शिंपल्याची, लाकडाची, काचेची, शिंगाची. लोखंडाचं एकही नाही, ते गंजतं आणि बोटं काळी करतं. बटणांना माझ्या जुन्या कोटाच्या कॉर्डरॉयची थैली केलीय. शिवली हातानंच, नेफा तेवढा कारखान्यात मशीनवर मारला, चार पदर हातसुईला ऐकेनात.

आणि आपल्या लहानग्या बोक्याला कापडाचा हत्ती. आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात सशांचं कापड कापताना राखाडी तुकडे उरतात, ते आम्हाला नेऊ देतात. जेवणाच्या सुट्टीत मी तो माझ्याच मशीनवर शिवला. सुपरवायझर बाई अशा वेळी डोळ्यांवर कातडं ओढून बसतात. डोळे बटणांचे नाहीत, दोऱ्यानं भरलेत. तुझा बोका बटण उपटून गिळणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिन्ही पुड्यांवर नावं आहेत. नाताळच्या सकाळपर्यंत कपाटावर. आधी उघडलंस तर बघ.

तुझी
ताई


४ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पार्सल मंगळवारच्या ट्रकनं आलं. ट्रकवाला म्हणतो, "बाई, तुमच्या बहिणीनं सुतळी इतकी गुंडाळलीय की आत चोर कोंडलाय असं वाटतं." तिन्ही पुड्या कपाटावर, त्यांवर माझी जुनी पेटी, पेटीवर ह्यांची छत्री. पोरांना अजून पत्ता नाही.

इथं धरणावर थंडीनं हाडं वाजतात. क्वार्टर तीन, त्यांतलं एक रिकामं. हे सकाळी दरवाज्यांवर जातात ते अंधार पडताना येतात. फोन आहे, पण तो दरवाज्यांच्या केबिनमध्ये, पाण्याची पातळी कळवायला. त्यावर घरच्या गप्पा मारल्या तर साहेबांना वाटतं धरण फुटलं. ट्रक आठवड्यातून दोनदा येतो, म्हणून तुझ्या पत्रांवर दिवस काढते.

माझं ब्लड प्रेशर पुन्हा वर गेलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, जिना नको, मीठ नको, आणि कसलाही धसका घ्यायचा नाही. मी म्हटलं, तीन पोरं आहेत. ते म्हणाले, तरीपण. आता सातवा सरेल, काळजी करू नकोस.

बोक्याच्या दाढा येताहेत. टेबलाचा पाय चावून झाला, ह्यांचा पट्टा झाला, काल पाण्याच्या पातळीची वही कोपऱ्यात कुरतडली. हे म्हणाले, "साहेबांना काय सांगू, उंदीर लागलाय?" मधलीचं वेगळंच. फ्रॉकची नाडी दिसली की तोंडात. सगळ्या नाड्या ओल्याकच्च. एकटी थोरली काही चावत नाही, ती नुसती खोलते.

खरं सांग ताई, काही विकत नाही ना आणलंस? शपथ घे.

तुझी
धाकटी


७ डिसेंबर

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. प्रकृतीला जप.

एक काम कर. बोक्याचा हत्ती परत पाठव. पुडी उघडू नकोस, आहे तशी ट्रकवाल्याच्या हाती दे. त्या कापडाचा रंग जातो असं मागाहून कळलं. बोका तोंडात घालणार आणि पोटात जाईल. मी त्याला दुसरं काहीतरी करून पाठवते, नाताळपर्यंत पोचेल.

विसरू नकोस. येत्या ट्रकनंच पाठव. बोक्याच्या हाती मुळीच देऊ नकोस.

बाकी सगळं ठीक.

ताई


१२ डिसेंबर

माझी लबाड ताई,

रंग जातो काय! पुडी उघडली, हत्तीचा कान ओल्या फडक्यानं खसाखसा पुसला. फडकं पांढरंच्या पांढरं. मग साबणाच्या पाण्यात बुडवला. तरी पांढरं. माझ्याशी खोटं बोलायचं तर जरा तयारी करून बोलावं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ना थट्टा, ना टोमणा, सगळं मिळून दहा ओळी. तू अशी कधी लिहितेस? पैशाची अडचण असते तेव्हा. ते कापड उरलेलं नव्हतंच, विकत आणलेलं होतं, हो ना? आणि आता ते परत करून पैसे सोडवायचे असतील, किंवा हत्ती कुणाला तरी विकायचा असेल. तुझ्या हातचा हत्ती कुणीही घेईल. मला रडूच आलं. ताई, पोरांच्या हौसेसाठी तू पुन्हा उपाशी राहायला लागलीस की काय? हे म्हणाले, "मग परत पाठवूया." मी म्हटलं, मुळीच नाही. परत गेला तर ती आयुष्यभर आपल्यासमोर मान खाली घालील. दिलेली भेट माघारी घ्यायची नसते आणि द्यायचीही नसते.

म्हणून मी काय केलं माहितेय? नाताळची वाटच बघितली नाही. बोक्याला देऊन टाकला! आता मागशील तर त्याच्याकडून माग. तो देत नाही. झोपताना सोंड तोंडात, उठल्यावर सोंड तोंडात. अंगठा सुटला आपोआप. सोंडेचं टोक तर चावून चावून कापूस दिसायला लागलाय, मी परत टाके घालीन म्हणते. तू इतकं सुंदर काही कधी शिवलं नव्हतंस.

इथून थोडे पैसे पाठवतेय, परत केलेस तर बोलणार नाही. दोन दिवस बोका जेवत नाही, लाळ गाळतो, घशाशी हात नेतो आणि रडतो. दाढाच असणार. मधाचं बोट लावते.

तुझी
(तुझ्यापेक्षा हुशार) धाकटी


१५ डिसेंबर

धाकटे,

हे वाचायच्या आधी खाली बस. नको, बसू नकोस, आधी बोक्याच्या हातातला हत्ती काढून घे. रडला तर रडू दे. घेतलास? मग पुढं वाच.

त्या हत्तीत सुईचं टोक असेल.

मी पार्सल पोस्टात टाकलं त्याच दिवशी दुपारी माझं मशीन टाके सोडायला लागलं. मेकॅनिकनं सुई काढली, भिंगाखाली धरली, टोक नव्हतं. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा. आमच्याकडे सुई मोडली की सगळी कामं थांबतात. तुकडे शोधायचे, कार्डावर चिकटवायचे, कार्ड सुपरवायझर बाईंकडे. तुकडा सापडला नाही तर त्या मशीनवरचा सगळा माल यंत्राखालून काढायचा. लोखंड दिसलं की ते यंत्र बोंबलतं, म्हणून आम्ही त्याला फौजदार म्हणतो. माझे सगळे ससे फौजदाराखालून काढले. पुन्हा काढले. तो बोंबलला नाही. फरशीवर लोहचुंबक फिरवलं, काही नाही. बाई म्हणाल्या, कचऱ्यात गेलं असेल, आणि कार्डावर तेवढी जागा कोरी सोडली.

घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं. त्या मशीनवरची एकच वस्तू फौजदाराखालून गेली नव्हती. ती मी सुतळीनं बांधून तुझ्याकडे पाठवली होती.

मग मी गप्प का बसले? सुट्टीत स्वतःचं शिवलं हे कळलं तर नोकरी जाते, ही एक भीती. दुसरी तुझी. डॉक्टर म्हणाले धसका नको, आणि तुला 'सुई' हा शब्द लिहायला माझा हात धजेना. पुडी कपाटावर आहे, नाताळला वेळ आहे, असं म्हणत बसले. मग तुझं दाढांचं पत्र आलं आणि मी तो रंगाचा मूर्खपणा लिहिला. वाटलं, सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. तू माझी लाज राखायला तो हत्ती त्याच्या तोंडात दिलास. रागावले नाही गं तुझ्यावर. तुला तरी मी काय बोलू?

'घशाशी हात नेतो' हे तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस. मी तेवढीच ओळ वाचत बसलेय.

धरणाच्या इथल्या ऑफिसात जाऊन हातापाया पडले, फोन लावून द्या म्हटलं. वादळानं वरच्या तारा तुटल्यात. म्हणून हे पत्र ट्रकवाल्याच्या हातात देतेय. सोबत कारखान्यातलं लोहचुंबक आहे. हत्तीवरून बोटभर अंतरानं सावकाश फिरव, टोक असेल तर कापड उचलून येईल. सापडलं तर देव पावला. नाही सापडलं तर बोक्याला घेऊन तडक खालच्या दवाखान्यात जा, पोटाचा फोटो काढून घे. तू जाऊ नकोस, मेहुण्यांना पाठव.

मला लगेच कळव. कसंही करून कळव.

ताई


१८ डिसेंबर, डेपोत, उभ्यानं

धाकटे,

मागचं पत्र तुला मिळालेलं नाही. ते आत्ता माझ्या हातात आहे.

तुझं काही उत्तर आलंय का बघायला पोस्टात चालले होते, डेपोच्या फाटकाशी ट्रक उभा दिसला. ट्रकवाला चहा पीत होता. मी विचारलं, पत्र दिलंत ना? तो म्हणाला, "कुठलं देता, घाटात दरड आलीय. रस्ता आठवडाभर बंद." आणि शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. चुंबक त्याच्या सीटखाली तसंच. मी त्याच्यावर ओरडले. बिचारा घाबरला. त्याची काय चूक? इतके दिवस मी समजत होते की तू वाचलंस, हत्ती काढून घेतलास, आणि तिकडं तो रोज रात्री तोंडात सोंड धरून झोपतोय.

एक लाइनमन फोनच्या तारा जोडायला दरडीवरून पायी वर चाललाय. पाठीला मोठी पिशवी आहे, तरी म्हणाला, द्या. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "आधी तुमच्या घरी, मग खांबावर." मागचं पत्र आणि चुंबक याच पाकिटात घालतेय. तो घाई करतोय.

काल सुपरवायझर बाईंना सांगून टाकलं. आता लपवून काय मिळवायचं होतं? त्यांनी ऐकून घेतलं आणि मला घरी बसायला सांगितलं, पुढचं नाताळच्या सुट्टीनंतर. जाऊ दे नोकरी. रात्री डोळा लागला की बोका खोकताना दिसतो. देवा, फक्त ते पोर...

तो निघाला.

ताई


(कार्ड)

२० डिसेंबर, दवाखाना

ताईंना नमस्कार. लाइनमन काल दुपारी पोचला. हत्ती सगळा उसवून पाहिला, चुंबक फिरवलं. टोक सापडलं नाही. सोंडेचं टोक आधीच चावून उघडलेलं होतं, थोडा कापूसही गेलाय. बोक्याला घेऊन दरड ओलांडून खाली आलोय. फोटोचं यंत्र चालवणारा माणूस उद्या सकाळी येतो. ताप आहे. घरी हिला अजून काही कळवता आलेलं नाही.

तुमचा मेहुणा


२६ डिसेंबर

प्रिय ताई,

बोका ठीक आहे. हे आधी वाच आणि रडून घे, मग पुढं.

ह्यांनी तुला कार्ड टाकलं ते मला मागाहून कळलं. ते कार्ड वाचून तुझं काय झालं असेल! ह्यांना म्हटलं, अर्धी बातमी कशाला कळवायची? म्हणाले, "कळव असं त्यांनीच लिहिलं होतं." असे हे.

लाइनमन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. पाकीट पुढं करून म्हणाला, "बाई, हत्ती कुठंय?" मला काही कळेना. पत्र उघडलं, पहिल्या ओळीवर नजर पडली. बोका खाटेखाली बसला होता, सोंड तोंडात. मी त्याच्या हातातून तो ओढला. त्यानं अशी काही किंकाळी फोडली की मधली कानांवर हात ठेवून अंगणात पळाली. मग मी ओट्याला धरून तुझं पत्र वाचलं.

मी चुंबक घाईघाईनं फिरवायला लागले, तसं लाइनमननं ते माझ्याकडून घेतलं. कान, पाठ, पाय. काही नाही. ताई, तुला सांगू, त्या चुंबकाला काहीतरी चिकटावं म्हणून मी आयुष्यात मागितलं नव्हतं इतकं मागितलं. शेवटी कात्री घेतली. बोक्यासमोरच तो हत्ती मी फाडला. कापूस चिमटीचिमटीनं पिंजला, चुंबकावर धरला. काही नाही. सोंडेच्या टोकाला भोक, आणि तिथला कापूस गायब.

म्हणजे टोक आता कुठं, ते दोघांनाही कळलं. हे केबिनमध्ये होते, लाइनमन त्यांना आणायला धावत सुटला.

ह्यांनी बोक्याला चादरीनं पाठीला बांधलं. मी दरडीपर्यंत गेले, पुढं ह्यांनी येऊ दिलं नाही. चिखलातून, दगडांवरून हे जात होते, बोक्याचं डोकं पाठीवर हलत होतं, आणि मी इकडं उभी. पोटातला लाथा मारत होता. परत येऊन मुलींना जेवायला वाढलं. काय वाढलं ते आठवत नाही. रात्र तशीच गेली. एक सांगते, मला काही झालं नाही. चक्कर नाही, काही नाही. डॉक्टर आणि तू मिळून मला काचेची समजता, तशी मी नाही.

दुसरा दिवसही तसाच गेला. लाइनमन खांबावर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाल्याचं सांगत तो आला आणि केबिनच्या पायरीवर बसून राहिला, त्याला दुसरीकडं जायचं होतं तरी. मी फोनकडे बघत उभी. वाजला तेव्हा मला उचलवेना. त्यानं उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. हे म्हणत होते, "पोटात काही नाही. घशात नाही. दोन दाढा आणि तोंड आलंय. ऐकतेयस ना? काही नाही." मी तिथंच फरशीवर बसले.

लगेच तुझ्या कारखान्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. सुट्टी लागली असणार.

हे बोक्याला घेऊन नाताळच्या आदल्या दिवशी परत आले. मी हत्तीला पुन्हा टाके घातलेत, तुझ्यासारखे सरळ नाहीत. एक कान पुढं आलाय. बोक्यानं आधी त्याच्याकडे पाठ फिरवली, मग माझ्याकडे रागानं बघत उचलला.

आता खरी गोष्ट ऐक. नाताळच्या सकाळी मुली पुड्या मागायला लागल्या. मी कपाटावरून दोन्ही काढल्या. आणि का कोण जाणे, माझा हात चुंबकाकडे गेला. तू काहीही पाठवलेलं असो, माझ्यानं तसंच पोरांच्या हातात देववेना. हे म्हणाले, "आता पुरे की." मी ऐकलं नाही. थोरलीच्या घड्याळाला चुंबक खाडकन चिकटलं, ते चिकटणारच. मधलीची बटणं ताटात ओतली, त्यांवरून फिरवलं, एकही हललं नाही. रिकामी थैली उचलून बाजूला ठेवत होते, आणि ती नाडीकडच्या बाजूनं आपोआप वर आली.

नेफ्यात होतं, ताई. नाडीच्या अगदी लगत, चार पदरांच्या मध्ये. बोटानं दाबलं तर टोचलं.

मधली शेजारीच उभी होती. थैलीची नाडी मी मघाशीच तिच्या तोंडातून काढली होती.

तू रंगाचं खोटं लिहून गप्प बसली असतीस, तर मी चुंबक हातात घेतलं नसतं. हत्ती परत गेला असता तरी थैली इथंच राहिली असती. हे मनात आलं की अजून अंगावर काटा येतो. लिहिलंस ते फार बरं केलंस. पण यापुढं पहिल्याच पत्रात लिही. मीही पुन्हा तुझ्या अडचणींचे अंदाज बांधणार नाही, सरळ विचारीन.

तुकडा इथं खाली चिकटपट्टीनं लावलाय. तुमच्या कार्डाशी जुळतो का बघ. जुळेपर्यंत मला झोप नाही.

तुझी
धाकटी


२ जानेवारी

प्रिय धाकटे,

जुळला.

सुट्टी संपली त्या सकाळीच तुझं पत्र घेऊन फाटकाशी उभी राहिले. सुपरवायझर बाईंनी कार्ड काढलं, भिंग घेतलं, तुझा तुकडा चिमट्यानं मोडक्या सुईला लावला. केसाइतकीही फट राहिली नाही. मग मेकॅनिकला बोलावून म्हणाल्या, "चिकटव." कार्डावरची कोरी जागा भरली.

नेफा! वीस वर्षं शिवतेय, सुई मोडते ती जाड पदरांवरच हे आमच्याकडे नव्या पोरीलाही माहीत असतं. तुला लिहिलंही मीच होतं की नेफा मशीनवर मारलाय. पण माझ्या डोळ्यांसमोर बोक्याचे दात होते, दुसरं काही दिसेना. मधलीला मी विसरलेच गं. भीतीनंही माणूस किती आंधळं होतं बघ.

मेहुण्यांचं कार्ड मिळालं तशी मी उठून बस धरली. दवाखान्यात पोचले तर खाट रिकामी. माझा जीव तिथंच जायचा. नर्स म्हणाली, "दाढांचं बाळ ना? गेलं की घरी, जाताना मला चावून गेलं." तिच्या हातावर दातांचे वळ होते. ते बघून मी हसायला लागले ते मला थांबता येईना, तिनं मला पाणी दिलं. दरडीमुळं वर येता आलं नाही, तशीच परतले.

नोकरी राहिली. मशीन मात्र काढून घेतलं. आता मी फौजदाराशेजारी बसते. सगळ्यांचे ससे, अस्वलं, बदकं एकेक करून माझ्या हाताखालून जातात. पगार थोडा कमी आहे. तुझे पैसे ठेवून घेतलेत, कारण यंदा मला खरंच लागणार आहेत. बघ, सरळ सांगितलं.

लोहचुंबक कारखान्याचं होतं, त्याचे पैसे भरून टाकलेत. ते परत पाठवू नकोस. पोटातल्यासाठी मी एक दुपटं हातानं शिवायला घेतलंय. फौजदाराखालून काढूनच पाठवीन. तरी ते आलं की दार लाव, पोरांना लांब बसव, आणि आधी चुंबक फिरव. मी पाठवलेल्या प्रत्येक वस्तूवरून फिरव. मला राग येणार नाही.

तुझी
ताई